झुंजार ते कॅप्टन दीप: लहानपणच्या रहस्यकथा पुन्हा जमवायच्या असतील तर

पन्नाशीच्या आसपास कधीतरी हा किडा डोक्यात वळवळायला लागतो. सर्क्युलेटिंग लायब्ररीतून भाड्याने आणलेली, भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचलेली, घरच्यांनी ‘काय ते फालतू वाचतोस’ म्हणून हिणवलेली ती पातळ पुस्तकं एकदम हवीशी वाटतात. मग माणूस चांगल्याशा पुस्तकांच्या दुकानात जातो, रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांसाठी ‘जुने अर्नाळकर आहेत का हो?’ असं विचारतो, दुकानदार मान हलवतो आणि प्रकरण तिथेच मिटतं.

मिटायचं काही कारण नाही. फक्त नवी पुस्तकं घ्यायची आपली जी रीत आहे, ती इथे उपयोगाची नाही. ही पुस्तकं वाचून टाकून देण्यासाठीच छापलेली होती. कागद हलका, बांधणी पिनांची, आवृत्तीचा उल्लेख नाही आणि सालाचा तर बहुतेक वेळा पत्ताच नाही. जी प्रत आज तुमच्यापर्यंत पोचते ती कित्येक वाचकांच्या हातून, उशाखालून आणि पावसाळ्यांतून तावून आलेली असते. म्हणून सगळ्या लेखाचं सार आधीच सांगून टाकतो: मुखपृष्ठावर भाळू नका, आधी गोष्ट पूर्ण आहे का ते पाहा. शेवटचं पान नसलेली रहस्यकथा कितीही देखणी असली तरी रद्दीच.

१. आधी आठवतंय ते लिहून काढा

शोधाशोध सुरू करण्याआधी एक कागद घ्या आणि आठवेल ते सगळं उतरवा. पुस्तकाचं नाव आठवणार नाही, त्याची काळजी करू नका. नायक कोण, त्याचा साथीदार कोण, मुखपृष्ठावर काय होतं, एखादा प्रसंग, एखादं भुयार, असं काहीही चालेल. हे आधीच करायचं कारण असं की दहा-बारा पुस्तकं हाताळली की खरी आठवण आणि नुकतंच पाहिलेलं यांची सरमिसळ होते. मग कितीही डोकं खाजवलं तरी ती सुटी करता येत नाही.

नायक आठवत असेल तर निम्मं काम झालं, कारण या पुस्तकांत लेखकापेक्षा नायकाचं नाव जास्त चालायचं. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू हे बाबूराव अर्नाळकरांचे. कॅप्टन दीप गुरुनाथ नाईकांचा. दारा बुलंद, अमर विश्वास आणि फिरोज इराणी सुहास शिरवळकरांचे. फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे भा. रा. भागवतांचा. या नावांची आपल्या डोक्यात हमखास खिचडी झालेली असते. झुंजारची म्हणून वर्षानुवर्षं सांगत आलेली गोष्ट काळ्या पहाडाची निघते. तेव्हा ‘नक्की आठवतं’ आणि ‘बहुतेक’ असे दोन रकाने करा.

आणखी एक गोष्ट आत्ताच ठरवून टाका. ‘सगळा संच पूर्ण करायचा’ हा हट्ट धरू नका. अर्नाळकर आणि नाईक या दोघांच्याही नावावर प्रत्येकी हजाराहून जास्त रहस्यकथा आहेत. एका लेखकाचा एखादा नायक घ्या, किंवा तुम्ही आठवी ते दहावीत जे वाचलं तेवढंच घ्या. मर्यादा घातली की शोधाला धार येते आणि घरात शांतता राहते.

२. नवी आवृत्ती मिळते का ते पाहा

ही पायरी बरेच जण गाळतात. जे पुस्तक आज नवंकोरं छापलेलं मिळतं, त्याच्या फाटक्या प्रतीसाठी भरमसाट पैसे मोजून येतात. फास्टर फेणेची पुस्तकं बाजारात आहेत. शिरवळकरांच्या बऱ्याच कादंबऱ्या पुन्हा छापल्या गेल्या आहेत. अर्नाळकरांच्या निवडक कथांचंही संकलन झालेलं आहे. तुम्हाला फक्त गोष्ट हवी असेल तर हा रस्ता सरळ, स्वस्त आणि शिंका न आणणारा आहे.

जुनीच प्रत हवी असेल, त्या ठळक रंगांसकट, जाहिरातींसकट आणि मागच्या ‘आगामी आकर्षण’सकट, तर पुढे वाचा. दोन्ही हवं असणं सगळ्यात उत्तम. नवी वाचायला आणि जुनी जपायला.

३. सोबत काय न्यायचं

- आठवणींचा तो कागद, आणि तुमच्याकडे आधीच असलेल्या पुस्तकांची यादी मोबाइलमध्ये
- छोटी विजेरी. रद्दीच्या दुकानाचा मागचा कोपरा नेहमीच अंधारा असतो
- मास्क. जुन्या कागदाची धूळ आणि बुरशी छातीत बसते
- मऊ ब्रश, रंगकामाचा एक इंची चालेल
- झिपच्या प्लॅस्टिक पिशव्या आणि आधाराला दोन पुठ्ठे
- सुटे पैसे. पाचशेची नोट पुढे केली की घासाघीस तिथेच संपते

जुन्या सार्वजनिक वाचनालयात जाणार असाल तर ओळखपत्राची प्रत आणि एक पासपोर्ट फोटो जवळ असू द्या. सभासद नसलेल्याला जुन्या संग्रहाला हात लावू देतीलच असं नाही.

४. कुठे शोधायचं

मुंबईत फाउंटनचा आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचा फुटपाथ, पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर आणि बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार ही ठिकाणं सगळ्यांना ठाऊक असतात. जरूर जा, पण तिथे इंग्रजी कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं वर असतात. मराठी रहस्यकथा असल्याच तर तळाच्या गठ्ठ्यात. विक्रेत्याला लेखकाचं नाव सांगण्यापेक्षा ‘जुनी रहस्यकथेची पॉकेटबुकं’ असं सांगा आणि आपला नंबर ठेवून या. पहिल्या खेपेला काही मिळत नाही, तिसऱ्या खेपेला तो स्वतः फोन करतो.

माझा कल मात्र रद्दीच्या दुकानांकडे, तेही तालुक्याच्या गावातल्या. शहरातला रद्दीवाला आता हुशार झालाय. पुस्तक वेगळं काढतो आणि भाव सांगतो. गावाकडे अजून काटा बोलतो. दसरा ते दिवाळी हा हंगाम, कारण घरोघरी माळे साफ होतात. जुना वाडा पाडून इमारत उभी राहणार असेल तर त्या वाड्यातल्या आजोबांशी आधीच बोलून ठेवलेलं बरं. पाडापाडीच्या दिवशी पुस्तकं मातीबरोबर जातात.

तिसरा मार्ग बंद पडलेल्या सर्क्युलेटिंग लायब्ऱ्यांचा. दुकान बंद झालं, तिथे मोबाइल रिचार्ज किंवा झेरॉक्स आलं, पण पुस्तकं मालकाच्या घरी पोत्यात पडून असतात. चौकशी करा. एकदम सगळं पोतं घ्यावं लागेल, एक-एक निवडून कुणी देत नाही. पोतं घेतलंत तर त्यात बरंचसं नको असलेलं निघणार, हे धरूनच चाला.

सार्वजनिक वाचनालयंही वेळोवेळी जीर्ण पुस्तकं निर्लेखित करून काढून टाकतात. अशी प्रत घेताना दाखलांकावर (वाचनालयाच्या नोंदणी क्रमांकावर) ‘रद्द’चा शिक्का आहे का ते पाहा. शिक्का नसेल तर वाचनालयात फोन करून विचारा. कुणीतरी परत न केलेलं पुस्तक आपण विकत घेतलं, हे नंतर कळण्यापेक्षा आधी विचारलेलं चांगलं.

ऑनलाइन घेत असाल तर मुखपृष्ठाच्या फोटोवर व्यवहार करू नका. पाच फोटो मागा: मुखपृष्ठ, मलपृष्ठ, प्रकाशकाचा तपशील असलेलं पान, बरोबर मधलं उघडलेलं पान आणि शेवटचं पान. शेवटच्या पानाचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे ते पान नसतं. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, तेव्हा पार्सल स्पीड पोस्टने, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये आणि आतून प्लॅस्टिकमध्ये बांधून पाठवायला सांगा. जून ते सप्टेंबर शक्यतो मागवूच नका.

५. हातात आल्यावर तपासणी

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, आणि बहुतेक वेळा विक्रेत्यालाही ते माहीत नसतं. सुरुवात मागून करा.

शेवटचं पान. ‘समाप्त’ छापलेलं असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर शेवटचं वाक्य वाचा. गुन्हेगाराचं नाव कळायच्या आत पान संपत असेल तर पुस्तक खाली ठेवा. पिनांच्या बांधणीत सगळ्यात आधी सुटतात ती पहिली आणि शेवटची पानं, म्हणून नेमका उलगडाच जातो. काही लायब्ऱ्यांतले वाचक तर रहस्य फोडायला म्हणून शेवटचं पान फाडून न्यायचे किंवा पहिल्या पानावर खुन्याचं नाव पेनाने लिहून ठेवायचे. पहिलं पान म्हणूनच डोळे किलकिले करून पाहावं.

फर्म्यांचा हिशेब. पानं एक-एक मोजत बसायची गरज नाही. ही पुस्तकं बहुधा सोळा पानी फर्म्यांत, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांत, छापली जायची. सहा फर्म्यांचं पुस्तक शहाण्णव पानांचं, सातचं एकशे बारा, आठचं एकशे अठ्ठावीस. आता १७, ३३, ४९, ६५, ८१ ही पानं उघडा. खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर, छापलेल्या पुष्कळ पुस्तकांत या पानांच्या तळाशी, कोपऱ्यात, बारीक टायपात फर्म्याचा आकडा असतो, कधी शेजारी पुस्तकाच्या नावाचं आद्याक्षर. ही बांधणाऱ्यासाठी केलेली खूण. ते आकडे ओळीने आले तर फर्मे जागच्या जागी आहेत. एखादा आकडा गायब असेल तर सोळाच्या सोळा पानं गेलेली असू शकतात, आणि एखादा दोनदा आला तर बांधणाऱ्याने एक फर्मा दोनदा घालून दुसरा विसरलेला असतो. पुस्तक बाहेरून जाडजूड, अगदी पूर्ण वाटतं. आत नायक समुद्रात पडतो आणि पुढच्याच पानावर पुन्हा बंगल्यात चहा पीत बसलेला असतो.

लायब्ररीची बांधणी. पुठ्ठा आणि रेक्झिन लावून मजबूत केलेल्या प्रती टिकतात चांगल्या, पण बांधताना कडा कापलेल्या असतात. पानाच्या वरच्या ओळी किंवा पृष्ठांक कापला गेलाय का ते बघा. मूळ मुखपृष्ठ कापून पुठ्ठ्यावर डकवलेलं असतं. ते सोडवायच्या भानगडीत अजिबात पडू नका. कधी दोन वेगळ्या कादंबऱ्या एकाच बांधणीत सापडतात. हा मात्र फायद्याचा सौदा, कारण विक्रेता पहिल्याचंच नाव वाचून भाव सांगतो.

मुखपृष्ठ आणि आतलं पुस्तक एकच आहे का? हसू नका. गठ्ठ्यात सुटलेलं मुखपृष्ठ दुसऱ्याच पुस्तकाला चिकटवलेलं सापडतं. मुखपृष्ठावरचं नाव आणि आतल्या पहिल्या पानावरचं नाव जुळवून पाहा. आणि नाव वेगळं म्हणजे कादंबरी वेगळी, असंही गृहीत धरू नका. तुमच्याकडे असलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या परिच्छेदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला तर नवं नाव घेतलेली जुनी गोष्ट दुकानातच ओळखू येते.

कीड. पुस्तक उभं धरून हलकेच झटका. बारीक भुसा पडला तर आत किडे जिवंत असायची शक्यता आहे. पृष्ठभागावरून खरवडल्यासारखी, आरपार न गेलेली खाण दिसली तर ती कसरीची. मातीचे पापुद्रे दिसले तर वाळवी, आणि वाळवीचं पुस्तक स्वस्त मिळालं तरी घरात आणू नये. बाकीची शंभर ती खाईल.

पिवळेपणाला घाबरू नका. वर्तमानपत्री कागदात लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं. हवा आणि उजेड लागला की ते पिवळं, मग तपकिरी पडतं. कागदातलं आम्ल त्याला ठिसूळही करतं. हे पुस्तकाच्या जन्मापासूनच ठरलेलं. पान उलटताना कोपरा तुटून हातात येत असेल तर मात्र ती प्रत वाचायची नाही, फक्त ठेवायची, असं समजून भाव करा. कोपरा दुमडून ‘टेस्ट’ करणारे लोक असतात. तुम्ही त्यातले होऊ नका.

६. साल कसं ओळखायचं

या छंदातली सगळ्यात रंगतदार पायरी हीच. १८६७ च्या मुद्रण कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव व ठिकाण छापणं बंधनकारक होतं, पण त्या यादीत साल नव्हतं. म्हणून या पुस्तकांवर छापखान्याची गल्लीसुद्धा सापडते आणि वर्ष सापडत नाही. मग ते आडवाटेने काढायचं.

किंमत पाहा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. ‘बारा आणे’ किंवा ‘०-१२-०’ अशी किंमत छापलेली असेल तर पुस्तक बहुधा त्याआधीचं, फार तर त्याच सुमाराचं. ‘७५ न. पै.’ म्हणजे नवे पैसे. ‘नवा’ हा शब्द १ जून १९६४ पासून गळाला, तेव्हा ही किंमत १९५७ ते १९६४ या पट्ट्यातली. नुसतं ‘पैसे’ असेल तर बहुधा त्यानंतरचं. किमतीवर चिठ्ठी डकवलेली असेल तर उजेडात धरून खालची किंमत वाचा. चिठ्ठी विक्रीचा काळ सांगते, छपाईचा नाही.

पत्ता पाहा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. ‘मुंबई ४’ किंवा ‘पुणे ३०’ एवढंच असेल तर जुनं असण्याची शक्यता, आणि ‘मुंबई ४०० ००४’ किंवा ‘पुणे ४११ ०३०’ असेल तर ते १९७२ च्या आधीचं असूच शकत नाही. उलट दिशेने मात्र हा पुरावा लंगडा आहे, कारण जुना पत्ता तसाच छापत राहणारे प्रकाशक पुष्कळ.

शुद्धलेखन पाहा. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘त्यानें’, ‘घरांत’ असे अनुस्वार पानभर दिसले तर पुस्तक १९६२ च्या आधीचं असावं. त्या वर्षी मराठी साहित्य महामंडळाचे नियम मान्य झाले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. छापखान्यातले खिळे जुळवणारे जुने जुळारी काही एका रात्रीत बदलले नाहीत, म्हणून चार-पाच वर्षं इकडेतिकडे धरा.

छपाईला हात लावा. पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवलं की अक्षरांचा उठाव लागतो, ती खिळ्यांची छपाई. पान गुळगुळीत असेल तर ऑफसेट, म्हणजे बहुधा नंतरची आवृत्ती. ‘पहिली आवृत्ती आहे साहेब’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रती इथेच उघड्या पडतात.

आणि शेवटी लायब्ररीची तारखांची चिठ्ठी. तिच्यावरची सगळ्यात जुनी तारीख म्हणजे त्या दिवशी पुस्तक नक्की अस्तित्वात होतं. लोक ती चिठ्ठी घाण म्हणून फाडून टाकतात. अरे, पुस्तकाचा जन्मदाखलाच आहे तो!

हे चार-पाच धागे एकमेकांना जुळले की साल काही वर्षांच्या पट्ट्यात येतं. पेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी आत ठेवा. पुस्तकावर लिहू नका.

७. भाव

ठरलेला भाव असा नाहीच. माझा नियम सोपा आहे. तीच कादंबरी नव्या आवृत्तीत मिळत असेल तर नव्याची किंमत ही जुन्याची वरची मर्यादा. मिळत नसेल तर तुम्हाला ती वाचायला किती हवी आहे यावर ठरवा. ‘रेअर आहे’ हा शब्द ऐकला की दोन मिनिटं दुसरंच पुस्तक चाळत उभे राहा. पुढे-मागे भाव वाढेल म्हणून घेणारे भेटतील, त्यांना भेटू द्या. ठिसूळ होत जाणाऱ्या कागदात पैसे गुंतवणं ही काही शहाण्या माणसाची गुंतवणूक नव्हे.

८. घरी आणल्यावर

आणलेलं पुस्तक थेट कपाटात ठेवू नका. पहिले काही आठवडे ते वेगळं.

गॅलरीत, मास्क लावून, मऊ ब्रशने धूळ झाडा. ब्रश कण्याकडून कडेकडे, कधीही उलटा नाही. ओलं फडकं वर्ज्य. दमट वास येत असेल तर पंख्याखाली सावलीत पान-पान सुटं होईल असं उभं ठेवा. उन्हात ठेवायचा मोह आवरा, कारण ऊन बुरशी जरा वाळवतं खरं, पण रंगही उडवतं आणि कागदाचं आयुष्यही खातं.

किड्याचा संशय असेल तर फ्रीजरचा उपाय करा. पुस्तक झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, पिशवी बंद करा आणि उणे अठरा अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पुस्तक खोलीच्या तापमानाला यायला पूर्ण दिवस द्या, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा. मटारांच्या शेजारी काळा पहाड निघाला की प्रश्न विचारले जातात. बुरशी मात्र गारठ्याने मरत नाही, नुसती झोपते.

गंजलेल्या पिना काढायच्या असतील तर ओढू नका. मागच्या बाजूने बोथट पातळ सुरीने पाय सरळ करा, सुरीखाली जाड कागदाची पट्टी ठेवा, मग पुढून अलगद उचला. त्याच भोकांतून सुती दोरा ओवून गाठ मारा.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायची नाही. कितीही घाई असली तरी नाही. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि वरची पट्टी गळून पडते. जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ हा रीतसर उपाय. कलासाहित्याच्या मोठ्या दुकानात टिश्यू मिळतो. खळ अगदी कमी लावा, जास्त खळ म्हणजे कसरीला आणि झुरळांना आमंत्रण. जमत नसेल तर सुटं पान त्याच जागी ठेवून द्या, काही बिघडत नाही. लॅमिनेशन तर स्वप्नातही नको.

९. ठेवायची जागा

बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट पावसाळ्यात ओल खेचतं. आतल्या भिंतीशी ठेवा, मागे चार बोटं जागा सोडा, खालचा कप्पा रिकामा राहू द्या. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरते. एक साधा आर्द्रतामापक कपाटात ठेवला की अंदाज करत बसावं लागत नाही. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये सिलिका जेलच्या पुड्या लागतातच, आणि त्या अधूनमधून वाळवाव्याही लागतात.

पातळ पुस्तकं उभी ठेवली की वाकतात. आडवी, सात-आठचा एक गठ्ठा, मोठी खाली. प्लॅस्टिकचं वेष्टन घालायचं तर पॉलिएस्टरचं घाला, कारण पीव्हीसी शाईला चिकटतं. वर्तमानपत्र अंथरू नका, त्यातलं आम्लही पुस्तकात उतरतं. वेखंड आणि कडुनिंबाची पुरचुंडी आजी ठेवायची तशी ठेवायला हरकत नाही, फक्त कागदाला टेकू देऊ नका, आणि आधीच शिरलेली कीड तिने मरेल या भ्रमात राहू नका.

१०. आता वाचा

जमवणारे पुष्कळ, वाचणारे थोडे. मुद्दाम हा छंद करताय तर वाचा.

लहानपणी सगळ्यात आवडलेलं पुस्तक पहिल्यांदा घेऊ नका. आधी जेमतेम आठवणारं घ्या. भाषेचा वेग, प्रकरणाच्या शेवटी दिलेला झटका, ट्रंककॉल, अँबॅसेडर, धुक्यातले बंगले, यांची सवय पुन्हा व्हायला एखादं पुस्तक लागतं. सवय झाली की आवडत्याला हात घाला, म्हणजे त्याच्यावर अन्याय होत नाही.

शक्य तर एका बैठकीत संपवा. शंभर-सव्वाशे पानांचा मामला, दोन-अडीच तास. ही पुस्तकं तशीच वाचायला लिहिलेली आहेत. रोज दहा पानं असं वाचलंत तर कथानकातली भोकं दिसायला लागतात, कारण तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. पुस्तक काटकोनापेक्षा जास्त उघडू नका, पिनांची बांधणी तिथेच तडकते. मांडीवर उशी ठेवा आणि पुस्तक तिच्यावर.

काही गोष्टी खटकतील. बायका एक तर बेशुद्ध पडतात नाहीतर विष घालतात. एखाद्या जमातीचं किंवा धर्माचं नाव आलं की तो खलनायक असणार हे पानभर आधी कळतं. काळच तसा होता म्हणून डोळेझाक करायला मला आवडत नाही आणि त्यापायी पुस्तक फेकून द्यायलाही नाही. खटकलं तिथे चिठ्ठी ठेवतो. दुसऱ्या बाजूने, तेव्हा लक्षात न आलेलं बरंच काही आता दिसतं: गिरगावातल्या चाळी, ट्राम, गोदीतले धक्के, त्या वेळच्या नोकऱ्या आणि पगार. रहस्य कळलेलं असलं तरी हे वाचायला मजा येते.

मुलांना किंवा नातवंडांना द्यायचं असेल तर जुनी प्रत देऊ नका, त्यांच्या हातात ती तासभरही टिकणार नाही. फास्टर फेणेची नवी आवृत्ती द्या आणि बाजूला व्हा.

११. नोंदवही आणि अदलाबदल

वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये एवढे रकाने पुरतात: नाव, लेखक, नायक, प्रकाशक आणि पत्ता, छापील किंमत, पानं, अंदाजे साल, कुठून मिळालं, शिक्के, काय कमी आहे. पुस्तकांच्या मागच्या पानांवर त्याच मालेतल्या इतर पुस्तकांच्या याद्या असतात. त्यांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. अशा याद्यांमधूनच नावं हाती लागतात.

कुणी ‘स्कॅन करून सगळ्यांना पाठव’ म्हणेल. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतात. अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचे हक्क २०५६ संपेपर्यंत आहेत. एखादं पान स्वतःच्या नोंदीसाठी टिपणं वेगळं, अख्खं पुस्तक ग्रुपवर टाकणं वेगळं.

डबल आलेल्या प्रती विकण्यापेक्षा बदलून घ्या. पैशात भांडणं होतात, अदलाबदलीत ओळखी होतात. देताना काय कमी आहे ते स्पष्ट सांगा: ‘४९ ते ६४ पानं नाहीत, मुखपृष्ठ मूळचं, शेवट आहे’. घेणाऱ्याकडे त्याच पुस्तकाची दुसरी अर्धवट प्रत असेल तर दोन्ही मिळून गोष्ट पूर्ण होऊ शकते. तसं झालं तर पानं सोडवून एकत्र शिवू नका. दोन्ही प्रती एकाच पिशवीत ठेवा आणि वर चिठ्ठी लावा: ४८ पर्यंत ही, मग ६४ पर्यंत ती, पुढे पुन्हा ही.